खुर्चीभोवतीचे त्रिकोण

चातुर्मासाच्या पहिल्या सकाळी आमच्या घराचे त्रिकोण झाले, आणि सगळ्यात मोठा त्रिकोण माझ्या वाट्याला आला.

मी न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून, उंबऱ्यावर गोपद्मं काढायला बसले तेव्हा फरशीवर पांढऱ्या रेषा होत्या. रांगोळीच्या नव्हेत. मी ओला हात फिरवून पाहिला, त्या पुसल्या गेल्या नाहीत. दिवाणखान्यातून त्या भिंतींवर चढल्या होत्या आणि छतावरच्या पंख्याला वळसा घालून पलीकडून खाली उतरल्या होत्या. रेषा जिथे एकमेकींना भेटत तिथे एकेक ठिपका होता. मी डबा बाजूला ठेवून ह्यांना हाक मारली.

"घाबरू नकोस," हे म्हणाले. "गणितासाठी जाळी घातलीय. ऑफिसातला कॉम्प्युटर पुरेना, म्हणून घर वापरायला घेतलं."

"अहो, सांगायचं तरी."

"तुझ्याकडे काही बदललेलं नाही. चहा टाकतेस?"

मी गोपद्मं पुरी केली, त्यांवर हळदकुंकू वाहिलं आणि चहा टाकला.

ह्यांचं काम उष्णतेचं. भट्टीच्या भिंतीतून उष्णता कशी जाते ते हे शोधतात. साधी भिंत असती तर गणित एका दमात सुटलं असतं, पण ही भिंत तापली की तिचा स्वभावच पालटतो. जितकी तापेल तितकी ती निराळ्या तऱ्हेने उष्णता पुढे देते. म्हणजे ती किती तापलीय ते कळल्याशिवाय ती किती तापेल हे मांडताच येत नाही. मग एक अंदाज धरायचा, तो घालून गणित करायचं, जे येईल तेच पुन्हा अंदाज म्हणून घालायचं, आणि उत्तर हलायचं थांबेपर्यंत फेऱ्या मारत राहायचं. फेऱ्या मला समजतात. तुळशीला मी रोज घालते. पण माझ्या फेऱ्यांत तुळस जागची हलत नाही.

माझ्या त्रिकोणात स्वयंपाकघर, देवघर आणि मागची मोरी आली होती. त्याचा एक कोपरा गॅसपाशी, एक समईपाशी आणि एक नळापाशी. खरं जे काही घडायचं ते या तीन ठिपक्यांवर. मधलं सगळं त्या तिघांत वाटून ठरायचं. ओट्याकडून देव्हाऱ्याकडे जाताना आच कमी होत जायची आणि कापूर वाढत जायचा, अगदी सरळ, कुठेही चढउतार नाही. मधोमध आमटीचं पातेलं ठेवलं तर तिला फोडणी, कापूर आणि ओल्या दगडाची सारखी चव लागायची.

आरशात पाहिलं तर कपाळापासून हनुवटीपर्यंत माझा चेहरा सपाट उतरत आला होता. चमकी गालाला टेकून राहिली होती.

"अहो, माझं नाक गेलं."

"गेलं नाही," हे दाराशी येऊन म्हणाले. "तिथे बारकावा घेतलेला नाही इतकंच. जिथे फारसं काही बदलत नाही तिथे मोठे त्रिकोण चालतात. भरभर बदलतं तिथे बारीक लागतात."

"भरभर कुठे बदलतंय?"

"बाहेर," हे म्हणाले, आणि परत बाहेर गेले.

दुपारी केतकी आली. केतकी बेलसरे ह्यांच्याच ऑफिसात नव्याने लागली होती. ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली आणि मी चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्याच्या दारात थबकले. खुर्चीखाली, खुर्चीभोवती, खुर्चीच्या हातांवर त्रिकोण खसखशीएवढे होते. केतकी हसली की त्या हसण्याला जितके म्हणून वळसे होते तितके दिसत. कानातल्या डुलांचा प्रत्येक हेलकावा निराळा. भुवईचा केस न् केस वेगळा. ती नुसती "थँक्यू" म्हणाली तर त्या शब्दालाही काठ होते. माझ्या लुगड्याला काठ उरले नव्हते. ते पोतात विरून सगळं लुगडं एकाच मळकट जांभळ्या रंगाचं झालं होतं.

"वहिनी, तुमचा भाग किती मोकळा आहे हो!" केतकी म्हणाली. "मला इथे पाय टेकवायला जागा नाही. कुठेही ठेवला की ठिपक्यावरच."

"होईल सवय," मी म्हणाले. माझा आवाज मुळातच बारीक. त्या मोठ्या त्रिकोणात तो आणखी पसरट झाला होता.

"कसली सवय! सर म्हणतात अजून बारीक करायचेत."

"करायलाच हवेत," हे म्हणाले. हे तिच्या डुलांकडे बघत होते. कामाचं बघणं होतं ते, मला कळत होतं. माझ्याकडे हे तसलंही बघत नव्हते.

चातुर्मासात मी मौनाने जेवते. ह्यांना ते सोयीचं पडतं, कारण कोणी मध्ये न बोलता ह्यांना सगळं सांगता येतं. त्या रात्री भात कालवताना हे म्हणाले, "तुला वाटत असेल तुला गणितात धरलं नाही. तसं नाही. उंबऱ्यावर तुझा नेम धरलाय. रोज तेच, त्याच जागी. ती सीमेची अट. ती नसेल ना, तर सगळं घर तरंगायला लागेल. तुझ्यावर तर उभं आहे सगळं."

मला फार बरं वाटलं. मी ह्यांना आणखी वरण वाढलं.

"सीमेवरचं दिलेलं असतं," हे पुढे म्हणाले. "ते शोधावं लागत नाही. शोधायचं ते आत. म्हणजे केतकीपाशी."

माझ्या तोंडात घास होता. नेम असल्यामुळे काही विचारता आलं नाही. तो घास मी चावत राहिले आणि तो संपेना.

शेजारच्या मंदाताई पेंढारकरांनी कुंपणावरून विचारलं, "तुमच्या घराला काय गं हे, पतंगाच्या काड्यांसारखं?"

"ह्यांचं काम आहे."

"आणि ती डुलवाली?"

"तेही ह्यांचंच काम."

"अगंबाई!" मंदाताई म्हणाल्या. "आमचे हेसुद्धा काम घरी आणतात, पण नुसती फाइल असते हो. फाइलीला डूल नसतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू गरीब आहेस बाई. मी असते तर चहा बंद केला असता."

चहा बंद करणं मला जमलं नाही. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हाही माझा एक नेमच आहे.

मग फेऱ्या सुरू झाल्या. दुपार संपली की ती पुन्हा पहिल्यापासून व्हायची, जराशी निराळी. केतकी पुन्हा फाटक वाजवून यायची, पुन्हा "वहिनी, तुमचा भाग किती मोकळा" म्हणायची, मी पुन्हा ट्रे आणायची. फक्त वेताची खुर्ची खिडकीपासून वीतभर ह्यांच्या टेबलाकडे आलेली असायची. कोणी सरकवली नव्हती. गणितच तसं येत होतं. पुढच्या फेरीत आणखी वीतभर. त्या दोघांना आधीच्या दुपारी आठवत नसत. मला सगळ्या आठवत, कारण सीमेवर काही बदलत नाही. पहिल्या दुपारी ती "सर" म्हणत होती. मग "अहो सर" म्हणायला लागली. मग काहीच म्हणेनाशी झाली. ती नुसती बोट दाखवायची आणि ह्यांना कळायचं.

"बाकी किती?" हे विचारायचे.

"अजून बरीच आहे," ती म्हणायची.

एका फेरीत जे जुळायचं राहून जातं त्याला ते दोघे बाकी म्हणत. ती करड्या पिठासारखी जमिनीवर पडायची. झाडायला मीच. सुपलीत घेतली की ती हाताला कोमट लागायची, नुकतंच कोणी उठून गेलेल्या आसनासारखी. केतकीच्या खुर्चीखालची तर चांगलीच ऊन असायची. मी ती मागच्या अंगणात नेऊन टाकायची आणि हात धुवायची. कितीदा धुतले तरी तळवे ऊनच राहायचे. जप करताना मणी चटके द्यायला लागले.

एका दुपारी खुर्ची टेबलाला येऊन भिडली. केतकीच्या डुलाची सावली ह्यांच्या बाहीवर पडली होती, आणि त्या सावलीतसुद्धा त्रिकोण होते, इतके बारीक की सावली मखमलीसारखी दिसत होती. ह्यांनी बाही हलवली नाही. पान उलटायचं होतं तर ते ह्यांनी डाव्या हाताने उलटलं.

मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात परत गेले. दोन पावलांत पोचले. मोठ्या त्रिकोणात वाटेत काही नसतं.

सासूबाईंनी मला गोपद्मांचा वसा दिला तेव्हा एवढंच सांगितलं होतं: रोज काढायची, चुकवायची नाहीत, आणि काढताना मनात कोणाचं वाईट आणायचं नाही. जागेबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. उंबरा मी आपला सोयीचा म्हणून धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगोळीचा डबा घेऊन केतकीच्या खुर्चीपाशी बसले. त्या बारीक रेषांवरून बोटं चालवणं कठीण होतं, चिमूट सारखी ठेचकाळत होती. तरी मी खुर्चीला वेढा घालून सगळी गोपद्मं काढली, एकही कमी नाही. हळदकुंकू वाहिलं. तगरीचं फूल खुर्चीच्या बैठकीवर ठेवलं. मनात कोणाचं वाईट आणलं नाही, फक्त खुर्ची आणली. मग उठून उंबऱ्याशी गेले. तो कोरा होता.

"अय्या, माझ्यासाठी रांगोळी?" दुपारी केतकी म्हणाली. ती हसली, फूल उचलून केसांत माळलं आणि बसली.

ते हसू तसंच राहिलं. खुर्चीभोवतीच्या रेषा एकेक करून सुटत गेल्या, जशी उसवताना शिवण सुटते. खसखशीचे तांदूळ झाले, तांदळांचे शंकरपाळे झाले, आणि मग एका मोठ्या त्रिकोणात केतकी एकटी उरली. डूल थांबले. भुवया दोन सरळ पट्ट्या झाल्या. नाक हळूहळू खाली बसलं.

"चहा करू?" तिने विचारलं. आवाज बारीक होता, आणि पसरट.

त्याच वेळी सुटलेल्या रेषा माझ्याकडे निघाल्या. मुंग्यांना गूळ लागावा तशा त्या फरशीवरून आल्या आणि उंबऱ्याशी माझ्या पायांभोवती दाटल्या. माझी चमकी वर उचलली गेली, तिच्याखाली नाक आलं. लुगड्याचे काठ परत आले, काठांवरची नक्षी आली, नक्षीतला एक चुकलेला टाकाही आला.

ह्यांनी मान वर केली.

"उंबरा सुटला," हे म्हणाले.

"म्हणजे कोण?"

"तू." हे टेबल सोडून उठले. इतक्या लगबगीने उठताना मी ह्यांना फक्त लग्नात पाहिलं होतं, अंतरपाट दूर झाला तेव्हा. हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "थांब. हलू नकोस. कसं वाटतंय तुला?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "बरं वाटतंय."

"नीट सांग. इथे आणि इथे, सारखंच?" ह्यांनी माझ्या गळ्यापाशी आणि खांद्यापाशी बोट नेलं.

"नाही हो. इथे जास्त."

"किती जास्त?"

मी सांगत राहिले आणि हे ऐकत राहिले. केतकीने चहा आणून ठेवला. ह्यांनी तिच्याकडे न बघता कप घेतला. ते मी पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की माझ्या पायाखाली आणखी काही त्रिकोण फुटले.

आता फेऱ्या माझ्यावर चालू लागल्या. दुपार पुन्हा पुन्हा व्हायची आणि दर वेळी मी जराशी निराळी असायची. एका फेरीत मी मोठ्याने हसले आणि मंदाताईंच्या अंगणातले कावळे उडाले. एकीत मी ह्यांना नावाने हाक मारली. एकीत माझ्या तोंडाला कांद्याचा वास होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. हे टेबलापासून सरकत सरकत माझ्याकडे येत होते, आणि मी मनात म्हणत होते, येऊ देत. मला मागच्या दुपारी आठवेनाशा झाल्या होत्या. त्यातल्या थोड्या ह्यांच्या तोंडून कळायच्या. "आत्ता रडलीस ती उत्तराच्या जास्त जवळ होती," हे म्हणायचे.

केतकी सकाळी न्हाऊन यायची आणि आपल्याच खुर्चीभोवती गोपद्मं काढायची. मी शिकवलं नव्हतं. तिची माझ्यापेक्षा रेखीव येत. मग ती मागे जाऊन तुळशीला फेऱ्या घालायची. गॅस, समई आणि नळ आता तिच्या त्रिकोणाचे कोपरे होते. मला कापराचा वास येईनासा झाला. समई लागलीय हे मला भिंतीवरच्या उजेडावरून कळायचं. देवासमोर ती काय पुटपुटते ते ऐकायला मी कान द्यायची, तर कानात हजार ठिपके, आणि प्रत्येकाला वेगळंच काही ऐकू यायचं.

एका फेरीत मी आरती म्हणायला तोंड उघडलं. पहिला शब्द आला नाही. दुसराही नाही. मी तोंड मिटलं. केतकीने आतून ती आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, माझ्याच चालीत, जिथे मी श्वास घेते तिथेच श्वास घेऊन.

मग मला तिचा असा हेवा वाटला, जसा तिच्या डुलांचा कधी वाटला नव्हता.

"केतकी," मी म्हणाले, "उद्याची गोपद्मं उंबऱ्यावर काढशील का? एवढं कर."

ती पदराला हात पुसत दिवाणखान्याच्या दारात आली. तिच्या लुगड्याला काठ नव्हते.

"अगं, नेमाची जागा अशी हलवतात का?" ती म्हणाली.

"मी हलवली होती."

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली, आणि भाजी परतायला गेली.

मग मी स्वतःच डबा आणावा म्हणून उठायला गेले, तर पाय उचलेना. एका पावलाखाली इतके ठिपके होते की प्रत्येकाला विचारल्याशिवाय टाच सुटत नव्हती, आणि सगळे ठिपके एकाच वेळी हो म्हणत नव्हते. मी उंबऱ्यातच बसले.

कुंपणापलीकडून मंदाताईंचा आवाज आला. "काय गं, ती तुमच्या उंबऱ्यात कोण बसलीय?"

"ह्यांचं काम आहे," केतकी म्हणाली.

"अगंबाई," मंदाताई म्हणाल्या. "आणि तू चहा देतेस?"

"द्यायचा असतो," केतकी म्हणाली.

दुपारी हे माझ्यासमोर मांडी घालून बसले. आता ह्यांना टेबल लागत नव्हतं.

"बाकी कमी होतेय," हे म्हणाले. ह्यांचा चेहरा उजळला होता. "इतकं छान जुळत येईल असं वाटलं नव्हतं. किती वर्षं तू इथेच होतीस, आणि मी आत शोधत होतो."

"जुळल्यावर काय करायचं?"

"जाळी काढून घ्यायची."

"आणि मी?"

"तू म्हणजे उत्तर," हे म्हणाले.

"उत्तराचं काय करतात?"

"काही नाही," हे म्हणाले. "ते कळलं की झालं."

"मला इतक्यात जुळायचं नाही," मी म्हणाले.

"तसं म्हणून चालत नाही गं. ते आपलं आपण होतं."

हे म्हणाले तसंच झालं. फेरीगणिक मी कमी कमी निराळी व्हायला लागले. हसणं ठरलं, रडणं ठरलं, ह्यांना हाक कशी मारायची तेही ठरलं. जे ठरलं ते बारीक करायची गरज उरत नसे. तिथले त्रिकोण मिटायचे आणि जे ठरायचं राहिलंय तिथे जाऊन दाटायचे. माझे पाय ठरले आणि दिसेनासे झाले. पाठ ठरली. केस ठरले. उरलेली मी उंबऱ्याच्या मधोमध गोळा होत गेले. आधी परातीएवढी होते, मग वाटीएवढी, मग कुंकवाच्या टिकलीएवढी. ह्यांना वाकावं लागलं, मग गुडघ्यांवर यावं लागलं, मग हे पालथे पडले आणि ह्यांनी गाल फरशीला टेकला.

आतून केतकीने विचारलं, "पान वाढू?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. पाट मांडल्याचा आवाज आला, एकच पाट. मग काही ऐकू आलं नाही, कारण ती मौनाने जेवते.

सगळी बाकी आता एका ठिपक्यावर आली होती. तो ठिपका मी होते, करड्या पिठाच्या एका कणाएवढी, अजून कोमट. घरात दुसरं काहीच शोधायचं उरलं नव्हतं. ह्यांचे डोळे माझ्यावर होते, दोन्ही, इतके जवळ की मला त्यांच्यातला एकच एका वेळी दिसत होता. पापणी हलत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून मला हेच हवं होतं, आणि ते हवं होतं तसं अगदी पुरेपूर मिळालं होतं.

"सापडलीस," हे पुटपुटले, आणि त्या शब्दाच्या वाऱ्यानेच मी जराशी सरकले.

हे दचकले. ह्यांनी तोंडावर हात धरला, मला सरकताना पाहून पुन्हा जवळ आले, आणखी जवळ, आणि ह्यांच्या छातीत काहीतरी भरून आलं, हुंदका असेल किंवा शिंक, ह्यांनाही कळलं नसावं.

ह्यांनी खोल श्वास आत घेतला. तो अजून आतच आहे.